टाकीवालीची कड

हौसाबाई नदीच्या घाटाच्या भिंतीत गेली तो बाजाराचा दिवस होता, त्यामुळे गर्दीत फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी तिची पाठ गेली. मग मांडी गेली, आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत सुया-फण्यांची टोपली धरलेला हातही दगडात गेला. एक बाई दाभण घ्यायला आली. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि विचारलं, "हौसाबाई कुठं गेल्या?"

"कुठं जातीय," भिंत म्हणाली. "हितंच हाय की. दाभण बारीक देऊ का जाड?"

बाईनं जाड दाभण घेतलं, भिंतीच्या भेगेत पैसे सरकवले आणि ती आपल्या वाटेनं गेली. आता सांगा, यात बोंब मारण्यासारखं काय होतं? माणूस आपल्या जागेवर होतं, माल होता, भाव तोच होता. आमच्या गावाचं एक बरं आहे. जे दिसत नाही त्याबद्दल आम्ही बोलत नाही, आणि जे दिसतं त्याबद्दल तर मुळीच बोलत नाही.

हे सगळं वरच्या मजल्याच्या खिडकीतून एकजण बघत होता. नागनाथ धोत्रे त्याचं नाव. घाटाच्या डोक्यावर सुशोभीकरणाचं ऑफिस होतं आणि त्या ऑफिसात नागनाथ चित्रं काढायचा. कागदावर नाही, कॉम्प्युटरवर. समोर काचेची काळी पाटी, हातात पेन, आणि पडद्यावर अजून न झालेला घाट: नव्या पायऱ्या, नवे दिवे, कुंड्यांतली झाडं. हौसाबाई भिंतीत का गेली ते गावात एकट्या नागनाथला ठाऊक होतं. त्यानंच तिला चित्रात भिंतीशी मिसळलं होतं. आधी पाठ, मग मांडी, मग हात. चित्राचा मोठा फलक त्या दिवशी सकाळी घाटाच्या तोंडाशी लागला होता, आणि बाई त्याच क्रमानं गेली होती.

त्यानं खिडकी लावून घेतली आणि पुढच्या कामाला लागला.

या कामाची सुरुवात एका कप चहानं झाली होती. ऑफिसचे मुख्य रणदिवे साहेब, माणूस गोड, आवाज कधी चढवायचे नाहीत. कोर्टानं बजावलं होतं की घाटावर पिढ्यान्‌पिढ्या बसणाऱ्या लोकांना हुसकायचं नाही. दुसऱ्या एखाद्यानं तरीही पोलीस आणले असते, टोपल्या लाथाडल्या असत्या. साहेबांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी नागनाथला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला.

"हे बघ नाथ," ते म्हणाले. नागनाथमधला नाग त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकला होता, आणि नागनाथनं तो परत मागितला नव्हता. "हटवायचं कुणालाच नाही. माणसं म्हणजे चित्रातलं मीठ. चव लागली पाहिजे, पण दाताखाली खडा येता कामा नये."

"म्हणजे पुसू, सर?"

"छे छे. पुसायचं कशाला? मिसळ."

मिसळण्यात नागनाथचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता, हे मात्र खरं. बाकीचे लोक काय करतात, फोटोतला माणूस कापतात आणि चित्रावर आणून चिकटवतात. तो माणूस तिथे जन्मभर पाहुण्यासारखा उभा राहतो. नागनाथ तसं करत नसे. तो आधी भिंतीच्या सावलीचा रंग उचलायचा आणि माणसाच्या कपड्यांच्या सावलीत हलकेच सोडायचा. मग माणसाच्या अंगावरचा रंग उचलून भिंतीत थोडा थोडा शिंपडायचा, म्हणजे देवाणघेवाण झाल्यासारखी वाटते. जिथे माणसाचा काळोख आणि भिंतीचा काळोख सारखा होतो, तिथली कड तो सोडून द्यायचा. कड सुटली की नजर घसरून पुढे जाते. शेवटी सगळ्यावर धुळीचा एक पातळ थर द्यायचा, थोडं मागे सरकायचं आणि डोळे किलकिले करून पाहायचं. माणूस दिसला तर काम बाकी आहे. नाही दिसला तर चहा घ्यायला हरकत नाही.

आणि या धंद्याचं आणखी एक बरं आहे. इतका रंग कालवतो माणूस, पण हाताला काही लागत नाही.

हौसाबाईनंतर बशीरचाचा गेले. ते कमानीखाली बसून कुलपं आणि छत्र्या दुरुस्त करायचे. नवा फलक लागला आणि ते कमानीच्या सावलीत गेले. त्यांची मुलगी दुपारी डबा घेऊन आली तेव्हा तिथे नुसती सावली होती. ती जरा थबकली. मग तिनं डबा सावलीसमोर ठेवला. सावलीनं जेवण केलं, डबा विसळला आणि परत दिला.

"अब्बा, घरी चला," ती म्हणाली.

"निघवत न्हाई गं," सावली म्हणाली. "चिकटल्यावानी झालंय. तू ये उद्या. जरा मीठ कमी घाल."

मुलगी ऑफिसात आली. साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"त्यांना कुणी हलवलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मारहाण? सामान जप्त केलं?"

"नाही, साहेब."

"मग तक्रार कशाची लिहून घेऊ?"

 नागनाथ कोपऱ्यात आपल्या टेबलाशी बसला होता. तिनं मदतीसाठी खोलीभर नजर फिरवली, ती त्याच्यावरून गेली आणि थांबली नाही. ऑफिसच्या भिंती बदामी रंगाच्या होत्या. नागनाथचे शर्टही अलीकडे सगळे बदामीच असायचे. साहेबांना हल्ली हाक मारावी लागायची, "नाथ, कुठे आहेस?" आणि तो "इथेच, सर," म्हणाला की साहेब खूश व्हायचे.

खरी गोष्ट पुढेच आहे. घाटाच्या अगदी खालच्या पायरीवर, पाण्यालगत, एक बाई पाट्या-वरवंट्याला टाकी लावायची. यल्लूबाई तिचं नाव. जांभळं लुगडं, कपाळावर पदर, एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडी. वापरून वापरून पाटा गुळगुळीत झाला की त्याच्यावर मिरची नुसती घसरते, वाटली जात नाही. मग बायका तो यल्लूबाईकडे आणायच्या आणि ती त्याच्यावर बारीक ठोके घालून पुन्हा खरबरीत करून द्यायची. मिक्सर आल्यापासून गिऱ्हाईक तुटलं होतं, पण लग्नघरची जाती अजून यायची, कारण हळद दळायला जातं लागतंच आणि बोथट जात्यावर कुणी हळद दळत नाही. तिच्या छिन्नीचा आवाज, टक टक टक, सकाळपासून नदीवर असायचा. आम्हाला तो इतका सवयीचा झाला होता की तो थांबला तरच ऐकू यायचा.

ही यल्लूबाई नागनाथची आई.

ऑफिसात हे कुणाला ठाऊक नव्हतं. नागनाथनं सांगितलं नव्हतं आणि विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. तो घाटावरून यायचाच नाही, वरच्या डांबरी रस्त्यानं वळसा घालून यायचा. बाईनं दगड फोडून त्याला शिकवला, चित्रकलेच्या कॉलेजात घातला, आणि हे पोरगं आईच्या समोरून जायला लाजायचं. लाज कसली, विचाराल तर त्यालाही धड सांगता आलं नसतं. खिडकी उघडी असली की टक टक वर यायची आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

घरी मात्र दोघंच. ती संध्याकाळी अंगावर दगडाची भुकटी घेऊन यायची, तोंड धुवायची, भाकऱ्या टाकायची. हौसाबाई गेल्याला काही दिवस झाल्यावर एकदा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ती हौसा भितीतनं बोलती बग. पयल्यांदा लोकं यायची, मजा वाटायची त्यास्नी. आता कोन येईना. आवाज बी भितीसारका झालाय तिचा, जवळ कान न्यावा लागतो. कुनी केलं म्हनायचं रं हे?"

"मला काय माहीत."

"तू तर वरनं बगत असशील की. तुज्या हापिसाच्या खिडकीतनं घाट दिसतो ना?"

"दिसतो थोडासा."

"मग मी दिसती का रं तितनं?"

नागनाथनं ताटातली आमटी ढवळली. "नाही," तो म्हणाला. "मध्ये झाड येतं."

मध्ये झाड नव्हतं. नदीकाठची सगळी झाडं केव्हाच तोडली होती, ती नंतर कुंड्यांत लावायची होती. यल्लूबाईनं भाकरी उलटली.

"मला तर तुजी खिडकी दिसती," ती म्हणाली. "आसू दे. खा."

मग एकेक करून बाकीचे गेले. नारळवाली पायऱ्यांच्या घडीत गेली. कानातला मळ काढणारा गृहस्थ नंदीच्या पोटाखालच्या अंधारात गेला. ज्योतिषी आणि त्याचा पोपट एकाच दिवशी गेले, पोपट शेवाळात आणि ज्योतिषी त्याच्या पिंजऱ्याच्या सावलीत. फलक बदलला की माणूस जायचं. नागनाथनं एकदा जुनी फाइल उघडून बशीरचाचांना स्वच्छ, धारदार कडा देऊन परत बसवून पाहिलं. साहेबांनी ते चित्र फलकावर जाऊच दिलं नाही, आणि फलकावर गेल्याशिवाय काही होत नसे. कॉम्प्युटरवर माणूस एका थरात आणि भिंत दुसऱ्या थरात असते. फलकावर गेलेल्या चित्रातले थर मात्र एकत्र केलेले असत आणि एकदा एकत्र केलेले थर सुटे होत नाहीत. हा कॉम्प्युटरचा नियम आहे, त्यात कुणाचा दोष नाही.

असं करत करत चित्रात एकच माणूस उरलं.

रणदिवे साहेब त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे किलकिले केले. ही युक्ती ते त्याच्याकडूनच शिकले होते.

"ती जांभळी कोण?" त्यांनी विचारलं.

"आहे एक. टाकीवाली."

"ओळखीची आहे का?"

खिडकी उघडी होती. नागनाथनं पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर आई बोटभर होती, हातोडी उचललेली, पदर वाऱ्यानं थोडा फुगलेला. आजवर घाटावरच्या प्रत्येकाला त्यानं हात लावला होता. तिला लावला नव्हता.

"नाही, सर," तो म्हणाला.

खाली नदीवर टक टक थांबली.  मग आवाज पुन्हा सुरू झाला, पूर्वीच्याच लयीत.

"टोचतेय बघ," साहेब म्हणाले. "बाकी सगळं किती शांत झालंय. उद्‌घाटनाला मोठी माणसं येणार आहेत. तेवढी एक मिसळ आणि झालं. आणि हे बघ, फलकाखाली तुझं नाव टाकतोय. चित्रकार म्हणून. मोठ्या अक्षरांत."

त्याच्या कामाखाली आजवर कधी नाव आलं नव्हतं. मेल्याला त्या क्षणी आनंद झाला. आईची ओळख नाकारल्याची बोच तशीच होती, आणि तिच्यावर आनंद झाला. माणसाच्या पोटात दोन्हींना जागा असते, त्याला आपण काय करणार.

संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला, "आये, उद्यापासून घाटावर जाऊ नकोस."

"का बरं?"

"ऊन फार आहे."

"ऊन काय आज पडाय लागलं?"

"मग कुठंतरी दुसरीकडं बस. स्टँडपाशी बस. मंडईत बस."

"मंडईत पानी कुटंय? टाकी झाली की भुकटी धुवाय लागती. धुतल्याबिगर ठोका दिसत न्हाई." तिनं हात पुसले आणि त्याच्यासमोर बसली. "आनि त्या पायरीला माज्या बसन्यानं खळगा पडलाय, नागू. दुसऱ्या पायरीवर बसलं तर कंबर धरती. तुला काय सांगायचं आसंल तर सांग की नीट."

त्याला सगळं सांगायचं होतं.  "काही नाही," तो म्हणाला.

"मग जेव," ती म्हणाली.

रात्रभर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली आणि सकाळी ऑफिसात पोचेपर्यंत त्याला वाट सापडली होती. वाट सोपी होती. मिसळायचं म्हणजे आजवर काय केलं? दगडाचा रंग माणसावर घातला. आता उलटं करायचं. आईच्या अंगावर एक ठिपकाही टाकायचा नाही. आईचा रंग दगडांवर घालायचा. साहेबांना हवं ते मिळेल, टोचणार काही नाही, आणि आई जशीच्या तशी राहील. शाबास रे पठ्ठ्या, असं तो स्वतःलाच म्हणाला.

मग तो कामाला बसला, आणि खरं सांगायचं तर असं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. तिच्या लुगड्याचं जांभळं उचललं आणि पायरी पायरीवर पसरलं, वर उन्हाकडे फिकं, खाली पाण्याकडे गडद. तिच्या हाताचा तांबूस काळा रंग दगडांच्या कोपऱ्यांत भरला. तळव्यावरच्या भेगा त्याला पाठ होत्या, त्या त्यानं पायऱ्यांच्या सांध्यांत घातल्या. पदराचा काठ नदीच्या कडेनं लांबपर्यंत नेला. छिन्नीच्या टोकावरची चमक पाण्यावर शिंपडली. काम करता करता त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. लहानपणी तिच्या पाठीला बांधलेला असताना हे सगळं त्यानं फार जवळून पाहिलं होतं आणि मधल्या वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. आपलं आईवर किती प्रेम आहे, असं त्याला वाटलं, आणि ते खोटं नव्हतं. जेवणाची सुट्टी झाली, संपली, तो उठला नाही. आईच्या अंगावर त्यानं खरोखर एक ठिपकासुद्धा टाकला नाही.

साहेब आले. चष्मा वर गेला, डोळे बारीक झाले.

"वा," ते म्हणाले. "गेली की."

"गेली नाही, सर. आहे तिथेच. मी हातसुद्धा लावलेला नाही."

"तेच म्हणतोय मी. बघ ना."

नागनाथ खुर्ची मागे सरकवून उभा राहिला. त्यानं डोळे किलकिले केले. घाट होता, जांभळा, शांत, उन्हानं भरलेला. आई नव्हती. त्यानं डोळे पूर्ण उघडले, पाण्यालगतच्या पायरीवर बोट ठेवलं आणि तिला शोधायला लागला. ती तिथेच असणार, ठिपक्याला ठिपका तशीच. पण कड म्हणजे शेवटी दोन रंगांतला फरक. पहिल्या वर्षीच्या पोराला कळतं ते हा पार विसरून गेला होता. दगड तिच्यावर घाला नाहीतर तिला दगडावर घाला, फरक मिटला की माणूस मिटतं. कुणी कुणाच्या प्रेमापोटी मिटवला, हे नजरेला कळत नाही.

"सर," तो म्हणाला, "एक कड राहिलीय. तिच्या हाताची. नजरेला बसायला कुठेतरी जागा ठेवावी लागते."

"काही राहिलेलं नाही. हात चालला तुझा आज." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पहिल्यांदा तो बदामी भिंतीवर पडला, मग खांदा सापडला. "थर एकत्र कर आणि दे. छापणारा खाली थांबलाय."

इथे त्याला बोलता आलं असतं. तीन शब्दांचं काम होतं, ही माझी आई. खिडकी उघडी होती, साहेब गोड होते, कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. पण काल नाही म्हणून आज हो कसं म्हणायचं, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात नाव येऊन बसलं होतं, नाथ धोत्रे, ठळक, काळं, पांढऱ्या पट्टीवर. सगळ्या चित्रात धारदार कड फक्त त्या अक्षरांना होती. नागनाथनं पेन टेकवलं आणि थर एकत्र केले.

फलक दुसऱ्या दिवशी, उद्‌घाटनाच्या सकाळी, लागला. नागनाथ त्या दिवशी वरच्या रस्त्यानं गेला नाही. कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदाच तो कमानीतून घाटात शिरला. कमानीची सावली म्हणाली, "कोन, नागू का?" पण आवाज इतका बारीक होता की तो पुढे निघून गेला. भिंतीजवळून जाताना दगड थोडा खोकला.

घाट जांभळा झाला होता. वरपासून पाण्यापर्यंत. लोक थांबून थांबून बघत होते, मोबाइलवर फोटो काढत होते. गावात इतकं सुंदर काही आजवर झालं नाही, असं जो तो म्हणत होता, आणि आमच्या गावानं एखाद्या गोष्टीला बरं म्हणणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. छिन्नीचा आवाज येत होता. तो खालून येत होता, वरून येत होता, दोन्ही बाजूंच्या भिंतींतून येत होता.

नागनाथ पाण्यापाशी पोचला. तिच्या पायरीवर कुणी नव्हतं. एक जातं अर्धवट टाकी घातलेलं पडलं होतं आणि त्याच्यावर आपोआप बारीक ठोके उमटत होते.

"आये," त्यानं हाक मारली.

"ओ," घाट म्हणाला.

"कुठं हायस?" त्याची भाषा त्याला नकळत परत आली होती.

"हितंच की. तुज्या म्होरं."

"हात वर कर बघू."

"केलाय की."

त्यानं डोळे ताणले. जांभळं होतं, भेगा होत्या, चमक होती. तो गुडघे टेकून पायऱ्या चाचपू लागला. एक जागा कोमट लागली, ती उन्हानं तापलेला दगड निघाली. दुसरी खरबरीत लागली, ती भिंतीची कोर निघाली.

"दिसना व्हय तुला?" ती म्हणाली.

"दिसतेस. जरा ऊन डोळ्यांवर येतंय."

"मग सरक की बाजूला, उजेड आडवू नगंस. ह्ये जातं आज द्यायचंय. लगीन हाय त्यांच्यात."

तो सरकला. ठोके पडत राहिले. थोड्या वेळानं त्याच आवाजात, त्याच लयीत, तिनं विचारलं, "आता तुज्या खिडकीतनं मी दिसती का रं?"

नागनाथला हुंदका आवरेना. "दिसतेस, आये," तो म्हणाला. "सगळीकडं तूच दिसतेस."

छिन्नी थांबली.

"झाड काडलं वाटतं मदलं," ती म्हणाली.

 वर सनई सुरू झाली होती. मोटारी थांबल्याचे आवाज आले. पांढऱ्या कपड्यांची माणसं कमानीखाली जमू लागली आणि कुणीतरी फीत धरली.

"नागू," घाट म्हणाला. आवाज आता थोडा दूर गेला होता, खाली पाण्याकडे. "त्या परवा तुला कुनी काय इचारलं, ते मला ऐकू आलं हुतं. खिडकी उगडीच हुती. मला राग न्हाई. पर आज मानसं आल्यात. त्यास्नी सांग की, मी कोन हाय ते. न्हाईतर ते पाय देतील आंगावर."

नागनाथ उठला. तो पायऱ्या चढून वर धावला, धाप लागली, बदामी शर्ट घामानं अंगाला चिकटला. जांभळ्या घाटावर तो शर्ट लांबूनही दिसत होता. कितीतरी दिवसांनी तो कुणाला तरी नीट दिसत होता. फीत कापून झाली होती. टाळ्या संपत आल्या होत्या. साहेब पाहुण्यांना घेऊन पहिल्या पायरीशी आले होते.

"सर, थांबा," तो म्हणाला. "उतरू नका. ही माझी आई आहे."

सनई थांबली. पाहुण्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझी आई. यल्लूबाई धोत्रे. टाकीवाली. मी त्या दिवशी खोटं बोललो. ही माझी आई आहे, सर." आणि त्यानं हात लांब केला. कुठे दाखवायचं ते त्याला कळेना, म्हणून तो हात वरपासून पाण्यापर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला.

साहेबांनी हाताच्या दिशेनं पाहिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ डोळे किलकिले करून सगळा घाट न्याहाळला, आणि त्यांचा चेहरा खरोखरच विरघळला. ते पाहुण्यांकडे वळले.

"हे आमचे चित्रकार," ते म्हणाले. "इथलेच आहेत. या घाटाला आई मानतात."

पाहुण्यांमधल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मग सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, आणि आम्हीही वाजवल्या. फोटोवाल्यानं नागनाथला जरा बाजूला व्हायला सांगितलं. साहेबांनी पाहुण्यांना पुढे व्हायची खूण केली, स्वतः वाट दाखवायला अर्धं पाऊल पुढे झाले आणि बूट खालच्या पायरीवर ठेवला.

पायरीनं बोटं आखडून घेतली.